गोठा, परस आणि शिवार: प्राण्यांचं वर्तन पाहायला शिकताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांना 'प्राण्यांचे वर्तन' हा धडा बहुतेक वेळा तक्त्याच्या रूपात भेटतो. डावीकडे उपजत वर्तन, उजवीकडे शिकलेलं वर्तन, आणि खाली परदेशातल्या पक्ष्या-माशांची उदाहरणं. तक्ता पाठ होतो, पेपरात उतरतो आणि सुट्टी लागली की पुसला जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या धड्याला लागणारी जवळपास सगळी सामग्री आपल्या गोठ्यात, परसात आणि शिवारात रोज डोळ्यांसमोर असते. हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. अकरावीतली मुलगी असो, बी.एस्सी.चा विद्यार्थी असो किंवा निवृत्तीनंतर पाखरं बघायची आवड लागलेले आजोबा. एक वही, पेन आणि घड्याळ एवढं पुरे. दुर्बीण असली तर बरं, नसली तरी अडत नाही.

माझा आग्रह एकच आहे: प्रकारांची नावं शेवटी लावायची, आधी प्राणी नीट पाहायचा.

प्राणी रोजचा निवडा

पहिल्याच दिवशी भीमगडच्या जंगलात शेकरू शोधायला जाऊ नका. सबंध दिवस मान वर करून हिंडाल आणि शेकरू मिळून दोन मिनिटं दिसेल. त्यापेक्षा घरच्या कोंबड्या, गल्लीतलं कुत्रं, शेजाऱ्यांची म्हैस, तारेवरचे कावळे घ्या. जो प्राणी रोज त्याच जागी, त्याच वेळेला दिसतो तोच शिकवतो. वेळही ठरवून घ्या, रोज सकाळी अर्धा तास किंवा संध्याकाळी दिवेलागणीआधी. तीच वेळ, तीच जागा पाळली की आज काय वेगळं घडलं ते आपोआप नजरेत भरतं.

दिसलं ते लिहा, वाटलं ते नंतर

नव्या माणसाची वही बहुतेक अशी असते: "कुत्रं रागावलं", "कोंबडी घाबरली", "म्हैस लाडात आली". यात प्राणी कमी आणि आपणच जास्त असतो. त्याऐवजी अंगाची हालचाल लिहा. "कान मागे, शेपूट दोन पायांत, मान खाली, तीन पावलं मागे." हे वाचून दुसऱ्या कोणालाही तेच चित्र दिसेल. भीती होती की आणखी काही, हा विचार रात्री वही वाचताना करता येतो.

चार-पाच दिवसांत त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा दिसू लागतात. त्यांची यादी करा आणि प्रत्येकीला छोटी खूण द्या. कोंबड्यांसाठी 'उ' म्हणजे पायाने उकरणं, 'टो' म्हणजे दुसरीला टोचणं, 'धू' म्हणजे धुळीत लोळणं, 'पि' म्हणजे चोचीने पिसं साफ करणं. अशा यादीला वर्तनशास्त्रात एथोग्राम म्हणतात आणि कोणताही गंभीर अभ्यास इथूनच सुरू होतो.

नोंद घ्यायच्या दोन पद्धती कळल्या की सुरुवातीला भागतं. पहिलीत एकाच प्राण्यावर नजर ठेवायची आणि दहा मिनिटांत त्याने जे जे केलं ते क्रमाने लिहायचं. दुसरीत दर पाच मिनिटांनी सगळ्या कळपावरून एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय तेवढंच टिपायचं. बाबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ साली अशा पद्धतींची शिस्तशीर मांडणी केली आणि आजही संशोधक तिचाच आधार घेतात. यामागचं कारण साधं आहे. शिस्त नसली तर भांडण, झेप, पाठलाग अशा ठळक गोष्टींकडेच डोळा जातो आणि रवंथ करत बसलेली म्हैस वहीत येतच नाही. तिच्या दिवसाचे कित्येक तास तर त्यातच जातात.

उपजत वर्तन: कोणी न शिकवताही येणारं

पहिली मोठी विभागणी म्हणजे उपजत आणि शिकलेलं. उपजत वर्तनाची सर्वांत साधी पातळी म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. पाऊस सुरू झाला की खानापूरकडच्या पायवाटांवर वाणी किडे दिसू लागतात. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करा, लगेच वेटोळं होतं. बोटाने करू नका, काही जातींच्या अंगातून त्वचेला झोंबणारा द्रव येतो. वेटोळं करायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि त्यात ठरवण्याचा भागही नसतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ठरावीक क्रमाची पूर्ण कृती. कोन्राड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या वर्तनशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये राखाडी हंसाच्या मादीवर काम करून दाखवलं की घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं ती चोचीच्या खालच्या बाजूने ओढून आत घेते. गंमत पुढे आहे. ओढता ओढता अंडं काढून घेतलं तरी ती ओढण्याची हालचाल शेवटपर्यंत पुरी करते. हंस आपल्याकडे नाही, पण खुडूक कोंबडी आहे. ती अंड्यांवर बसलेली असताना एक अंडं वीतभर बाहेर ठेवा आणि लांब जाऊन बसा. मान पुढे काढून, हनुवटीखाली धरून ती ते आत ओढताना दिसेल. एखाद्या वेळी पाहा आणि थांबा. सारखं छळलं तर ती बैठक मोडेल आणि घरच्यांचा रागही तुमच्यावर येईल.

सुगरण पक्ष्याचा खोपा हे याच प्रकारातलं आपल्या भागातलं सर्वांत देखणं उदाहरण. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, नारळाच्या झावळ्यांना खोप्यांच्या वसाहती लटकलेल्या दिसतात. खोपा विणतो तो नर. भाताची किंवा उसाची पात कडेला चोचीने चिरायची, टोक धरून उडायचं की लांब पट्टी सुटून येते. त्या पट्ट्यांच्या गाठी मारत आधी कडं आणि मग वरची गोलाई तयार होते. खोपा अर्धा झाला की नर त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडला तर पुढची खोली आणि लांब बोगदा होतो, नाहीतर तो खोपा तसाच अर्धवट राहतो. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला राहून १९३० च्या सुमारास हे सगळं बारकाईने टिपलं होतं. विणण्याची ओढ उपजत असली तरी तरुण नरांचे पहिले खोपे ओबडधोबड असतात आणि सरावाने हात, म्हणजे चोच, बसते. उपजत आणि शिकलेलं यांची सरमिसळ इथेच दिसू लागते.

टिटवीसाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवा. मार्चपासून पुढे उघड्या माळावर, नांगरून टाकलेल्या रानात ती खड्यांमध्ये साधा खळगा करून बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी असा मिसळलेला की हातभर अंतरावरूनही दिसत नाहीत. तुम्ही जवळ येताय असं दिसताच बसलेली टिटवी उडत नाही, वाकून गुपचूप चालत लांब जाते आणि तिथून ओरडायला लागते. तिच्या आवाजाच्या दिशेने गेलात तर घरटं मागेच राहतं. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच चालायला तयार. आईबापांचा इशारा ऐकला की असतील तिथे जमिनीला चिकटून निपचित पडतात. उन्हं तापली की मोठी टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड करते. टिटवी ओरडली की अपशकुन असं म्हणणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांना हे नक्की सांगा. ती ओरडते ती आपल्या पिल्लांसाठी.

शिकलेलं वर्तन

शिकण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे निरुपद्रवी गोष्टीची सवय होणं. यासाठी गोगलगायीसारखा गुरू नाही. पावसाळ्यात परसातली एक गोगलगाय ओल्या पाटीवर ठेवा आणि ती शिंगं पूर्ण बाहेर काढेपर्यंत थांबा. मऊ गवताच्या टोकाने एका शिंगाला हलका स्पर्श करा. शिंग आत जाईल. पुन्हा बाहेर यायला किती सेकंद लागले ते लिहा. पूर्ण बाहेर आलं की परत तेवढाच हलका स्पर्श. काही वेळाने आत जाणं कमी होत जातं आणि शेवटी गोगलगाय लक्षच देत नाही.

आता खरा प्रश्न विचारा: तिला सवय झाली की ती नुसती दमली? तपासायला सोपं आहे. जवळच पाण्याचा एक थेंब पाडा किंवा पाटीला हलकी टिचकी मारा, आणि मग पुन्हा गवताने स्पर्श करा. शिंग पहिल्यासारखं झटकन आत गेलं तर ती दमलेली नव्हती. एवढा एक प्रयोग मनापासून केला तर विज्ञान कसं चालतं याची जी चव लागते ती दहा व्याख्या पाठ करून लागत नाही. प्रयोग झाला की गोगलगाय होती तिथे सोडा आणि हात साबणाने धुवा, तिच्या अंगातून माणसाला बाधणारे कृमी येऊ शकतात.

हीच गोष्ट शेतकऱ्याला वेगळ्या वाटेने ठाऊक असते. जोंधळ्यात उभं केलेलं बुजगावणं पहिले काही दिवस पाखरांना लांब ठेवतं, मग चिमण्या त्याच्याच खांद्यावर बसतात. म्हणून जाणते लोक त्याची जागा बदलत राहतात, मध्येच डबा वाजवतात, गोफण फिरवतात. सवय मोडायची तर नवेपणा लागतो.

दुसरी रीत म्हणजे जन्मानंतरच्या मोजक्या काळात मनावर उमटणारा ठसा. लोरेन्झच्या हंसांची पिल्लं अंड्यातून बाहेर येताच त्यालाच पाहून त्याच्या मागे फिरू लागली, ही गोष्ट पुस्तकात असते. कोंबडीखाली बदकाची अंडी उबवली तर हेच परसात घडतं. पिल्लं कोंबडीच्या मागे मागे फिरतात, कारण त्यांनी पहिल्यांदा तिलाच पाहिलं. पण तळं दिसलं की सरळ पाण्यात उतरतात, कारण पोहणं त्यांच्या अंगातच आहे. कोंबडी काठावर कलकलाट करत राहते. ठसा आणि उपजत ओढ दोन्ही एकाच देखाव्यात दिसतात.

तिसरी रीत म्हणजे दोन गोष्टींची सांगड. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनक्रियेच्या कामासाठी मिळालं, पण जगाने त्यांना लक्षात ठेवलं ते कुत्र्यांच्या लाळेमुळे. अन्नाआधी नेहमी एकच खूण मिळत राहिली की पुढे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. आपल्या कृतीचं फळ मिळतं म्हणून ती कृती वाढते, तेव्हा ते साधक अभिसंधान. याचा सखोल अभ्यास पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी केला. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी मंडळी सजवलेल्या म्हशी घेऊन निघतात आणि मोटरसायकलवरच्या मालकामागे त्या धावतात, ते पाहायला गर्दी लोटते. पुढच्या पाडव्याला गर्दीबरोबर ओरडण्याऐवजी म्हशीकडे पाहा. मालकाचा आवाज आणि हॉर्न यांची खूण तिने किती आधीपासून ओळखीची करून घेतली आहे, हे मालकालाच विचारा. अशी माहिती गवळी आनंदाने देतात. जीभ बाहेर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, तोंडाला फेस हेही वहीत लिहा, कारण ताण ओळखणं हाही वर्तन ओळखण्याचाच भाग आहे.

पान्हा: अर्धा तास गोठ्यात

तक्त्यातल्या उपजत आणि शिकलेल्या या दोन रकान्यांमधली रेघ किती पातळ आहे, हे पाहायचं असेल तर पहाटे धार काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन उभे राहा. घरच्या काकूंना किंवा मामांना आधी विचारून घ्या, आणि लांब, भिंतीला टेकून उभे राहा. अनोळखी माणूस पाहूनही म्हैस दूध चोरते.

क्रम असा दिसेल. बादलीचा आवाज होतो, म्हैस कान टवकारते आणि मान वळवते. आंबोण पुढे येतं. रेडकू सोडलं जातं, ते कासेला ढुशा देतं, सड चोखतं. थोड्या वेळाने सड फुगतात, ताठ होतात आणि दूध उतरतं. मग रेडकू बाजूला बांधून धार सुरू होते.

सड चोखला जातो तेव्हा तिथल्या मज्जातंतूंतून संदेश मेंदूकडे जातो. पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक स्नायूपेशी आकसून दूध खाली ढकलतात. हा भाग पूर्णपणे उपजत आहे. गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून म्हैस राखणारे घाई करत नाहीत. पण काही दिवसांनी नीट पाहिलं तर रेडकू सोडायच्या आधीच, नुसत्या बादलीच्या आवाजाने किंवा रोजच्या माणसाच्या हाकेने सडांतून थेंब ठिबकताना दिसतात. हा भाग शिकलेला आहे, पावलॉव्हच्या कुत्र्याच्या लाळेसारखाच. उलट रोजचा माणूस गावाला गेला, कोणी दांडगाई केली, गोठ्यात कुत्रं शिरलं तर भीतीमुळे अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक वाढतं आणि पान्हा अडतो.

कळपातलं वर्तन

एकटा प्राणी समजू लागला की दोघांमधलं काय चालतं ते पाहा. नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड जगापुढे मांडली. त्यांना हे लहानपणी कोंबड्या पाहतानाच जाणवलं होतं. तुम्हीही करा. पाच-सहा कोंबड्यांच्या पायाला वेगवेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधा, मूठभर दाणे एकाच जागी टाका आणि कोणी कोणाला टोचलं तेवढंच लिहा. आठवडाभराच्या नोंदी चौकटीच्या तक्त्यात भरल्या की वरची कोण, तळाची कोण हे स्पष्ट होतं. बाजारातून नवी कोंबडी आणली की काही दिवस पुन्हा मारामाऱ्या होतात आणि क्रम नव्याने बसतो.

मुंग्यांच्या रांगेवर एका जागी ओलं फडकं फिरवा. पुसलेल्या पट्ट्याशी येऊन मुंग्या अडतात, मिशा हलवत इकडेतिकडे फिरतात. जमिनीवर सोडलेल्या वासाच्या रेषेवरून त्या चालत होत्या, ती रेष तुम्ही पुसली. मधमाश्यांचं नृत्य कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं. पोळ्यावर शेपटी हलवत माशी ज्या कोनात धावते त्यावरून सूर्याच्या संदर्भात दिशा कळते, आणि ती धाव किती वेळ चालते त्यावरून अंतर. फ्रिश, लोरेन्झ आणि टिनबर्गन या तिघांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. मात्र आग्या मोहोळाजवळ नृत्य पाहायला कधीही जाऊ नका, चवताळलेल्या आग्या माश्या जीव घेऊ शकतात.

प्रत्येक वर्तनाला चार प्रश्न

वही भरत आली की एक वर्तन निवडा आणि टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये सांगितलेले चार प्रश्न त्याला लावा. पान्ह्यालाच लावून पाहू. आत्ता हे कशामुळे घडतं? सडाचा स्पर्श, ऑक्सिटोसिन, बादलीचा आवाज. आयुष्यात हे कसं घडत गेलं? पहिल्या वेताची म्हैस लाथ मारते, हाताला सरावत नाही, हळूहळू माणूस आणि वेळ ओळखू लागते. याचा उपयोग काय? दूध पिल्लू जवळ असतानाच उतरतं, वाया जात नाही. उत्क्रांतीत हे कुठून आलं? गाय, शेळी, मांजर, माणूस, सगळ्या सस्तन प्राण्यांत हीच यंत्रणा आहे, म्हणजे ती फार जुनी आहे. हे चारही खरे आहेत आणि एकाचं उत्तर दिल्याने दुसरा सुटत नाही. परीक्षेत 'का' विचारलं की मुलं फक्त उपयोग लिहून मोकळी होतात. चारांपैकी कोणता 'का' विचारला आहे ते आधी ठरवा.

ऋतू आणि जागा

जून ते सप्टेंबर गोगलगायी, वाणी आणि सुगरणीचे खोपे. हिवाळ्यात गोकाक तालुक्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या परिसरातलं घटप्रभा पक्षी अभयारण्य. तिथे थंडीत कांड्या करकोचे आणि युरोपातले पांढरे करकोचे येतात, स्थलांतर हा प्रकार तिथे पाहावा. मार्चनंतर टिटवी. गाई-म्हशी चरत असतील किंवा नांगर चालू असेल तिथे गायबगळे बाराही महिने. पाय पडून उडालेले किडे ते कसे टिपतात ते पाहा आणि गुरांजवळच्या व गुरांपासून लांबच्या बगळ्याला मिनिटाला किती घास मिळतात ते मोजा.

खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख याच गुहांमुळे झाली आणि भारतात त्याला कायद्याचं कडक संरक्षण आहे. त्या गुहांत जाणं, बॅटरीचा झोत टाकणं, फोटोसाठी वटवाघळं उडवणं हे करू नका. दिवसा विसावलेल्या वटवाघळांना उठवलं की त्यांची ताकद वाया जाते आणि घाबरलेल्या मादीचं पिल्लू खाली पडू शकतं. कुठल्याही पक्ष्याच्या घरट्याजवळ पाच मिनिटांहून जास्त रेंगाळू नका. तुमच्या मागून कावळे येतात.

आता पावसाळा नसेल, करकोचे परतले असतील, टिटवीचा हंगाम सरला असेल, तरी कोंबड्या आणि गोठा आहेतच. उद्या सकाळी दाणे टाकायच्या वेळेला वही घेऊन बसा आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि ऊन की ढग एवढं आधी लिहा.